मोटर थंड होण्यासाठी थांबा

"शर्वरी, ज्याचं कारण आपल्याला ठाऊक नाही, ते पुसून टाकायचं नाही. आधी विचारायचं."

आपटीकर सरांचा आवाज अजून कानांत होता. पण आता विचारायचं कुणाला? धरणाचे दरवाजे हलवणारा पहिला प्रोग्रॅम लिहिणारे सर मागच्या वर्षीच गेले.

शर्वरी दातारने डोळे चोळले. प्रोग्रॅम आता माणसं लिहीत नव्हती. स्वयंचलित मदतनीस लिहायचे. धरणाच्या कार्यालयात सगळे त्यांना 'गडी' म्हणत. गड्यांना नियम घालून द्यायचे आणि त्यांचं काम तपासायचं, एवढंच तिच्याकडे उरलं होतं. नियम जुनेच, सरांच्या वेळचे: एका भागाने एकच काम करावं, प्रत्येक ओळीला लेखी कारण असावं, कारण संपलं की ओळ काढावी. गडी थकत नसत. सकाळपासून 'मंजूर' दाबून दाबून तिचं मात्र अंग आंबून गेलं होतं.

समोरचा बदल लहानसा होता. सायरन वाजल्यावर अर्धा तास थांबून मगच दरवाजे उघडायचे, ती थांबण्याची ओळ गड्याने काढली होती. शेजारी कारण: 'सायरनची मोटर थंड होण्यासाठी थांबा. नव्या सायरनला मोटर नाही.'

कारण चोख होतं. तिचं बोट बटणापर्यंत गेलं आणि थबकलं. एका मोटरसाठी सर धरण अडवून ठेवतील?

"मोटरचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणीही नाही," गडी म्हणाला. "प्रत्येक ओळीला कारण हवं, असा तुमचा नियम आहे. या ओळीचं सापडलं नाही, म्हणून सर्वांत संभाव्य कारण मागच्या महिन्यात मी लिहिलं. आता ते उरलं नाही. ओळ काढली."

"अरे, मग 'ठाऊक नाही' असं लिहायचंस!"

"तशी मुभा नियमांत नव्हती."

शर्वरीने नियम पुन्हा वाचले. त्याने तिचा नियम तंतोतंत पाळला होता.

"ताई, तुम्ही गड्याची उलटतपासणी सुरू केलीत की काम अडतं," मागून अद्वैत घोरपडे म्हणाला. तो तिचा साहेब, वयाने बराच लहान. "दुपारी नदीत पाणी सोडायचंय. खालची गावं आधीच ओरडतायत. आणि पात्रात आहे कोण? नकाशा बघा, रिकामं."

"नकाशा कधीचा?"

त्याने पाहिलं. "ऑगस्टचा."

"ऑगस्टात तिथे पाणीच असणार. आत्ता एप्रिल चाललाय. वाळूत कलिंगडं लावतात लोक, लेकराबाळांसकट तिथेच राहतात. सायरन ऐकून बाहेर पडायला त्यांना वेळ लागणार. आपल्या नदीत आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही."

अद्वैत हळूच खुर्चीत टेकला. "आज जुनंच चालू दे. पण वरून विचारतील तेव्हा मला खरं कारण लागेल."

"जाऊन बघते. दरवाजे उघडायच्या आत सांगते."

"या उन्हात? आज उपास ना तुमचा?"

"उपास पोटाचा आहे रे, पायांचा नाही."

नियमांच्या शेवटी तिने एक ओळ जोडली: ठाऊक नसेल तर तसंच लिहावं. मग गड्याला म्हणाली, "जिथे जिथे मनाने कारणं लिहिलीस, तिथे दुरुस्त कर."

संगणकाचा पडदा हलू लागला. दरवाजे, कालवे, पंप, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या. एकेक चोख कारण पुसलं जाऊन तिथे 'ठाऊक नाही' उमटत होतं, आणि ते थांबेचना.

अद्वैत उठून पडद्याजवळ आला. "ताई, एवढ्या ठिकाणी जाऊन बघायला माणसं कुठून आणायची?"

शर्वरीने चपला पायांत सरकवल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि ती नदीकडच्या वाटेला लागली.