कोटाची उलटी बाजू

"अरे ढब्बू, थांब!"

ताई ओरडली खरी, पण तोवर कात्री कापडातून आरपार गेली होती. खिशाच्या चार बोटं खाली, बाटलीच्या झाकणाएवढं गोल भोक... आणि तेही कुठे, तर बाबांच्या कोटाला! कापलेली चकती जमिनीवर पडली.

"ओरडतेस काय अशी? तासाभरात बुजवशील तू," धाकटा भाऊ म्हणाला. आता छत्तीस वर्षांचा, उंच आणि काडीसारखा वाळलेला माणूस. पण लहानपणी गुबगुबीत होता म्हणून ताईच्या तोंडी अजून ढब्बूच. "भोकाचा फोटो आत्ता टाकतो. दुपारी लाइव्ह. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोट पुन्हा होता तसा! लोक वेडे होतील."

"घरात दुसरं कापड नव्हतं?"

"कोरं, न दुखावलेलं कापड हवं होतं गं. बाबांचा कोट म्हणजे लोखंड! इतकी वर्षं वापरला, कधी एक भोक पडलं नाही याला."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. मग चकती उचलून पदराच्या टोकात बांधली.

ताई रफूगार होती. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी तिचं टेबल, एक दिवा, एक भिंग आणि बारीक सुयांची डबी. सत्तावीस वर्षं ती फाटलेलं, जळलेलं, कसरीने खाल्लेलं कापड असं सांधत आली होती, की गिऱ्हाईक कपडा हातात घेऊन विचारायचं, "अहो, नेमकं कुठे फाटलं होतं?" या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. दिसलं ते रफू वाया गेलं, असं तिला तिच्या वस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आणि नेमकी इथेच तर गोम होती! सहा महिन्यांपूर्वी ढब्बूची नोकरी गेली. घरात एवढी कला आहे, तिचे व्हिडिओ करू, असं त्याच्या मनाने घेतलं. चॅनेल निघालं. पण जे दिसू नये म्हणून जीव ओतायचा, ते लोकांना दाखवायचं कसं? पहिल्या व्हिडिओखाली एकाने लिहिलं, "यात केलंय काय? मला तर काहीच दिसलं नाही." मग ढब्बूने तिला राखाडी मोज्यावर लाल दोऱ्याने रफू करायला लावलं. वस्तादाने ते पाहिलं असतं तर सुई हातातून काढून घेतली असती. ताईने केलं. मग तो म्हणाला, नुसते हात बघायला कोण येतं, समोर हसरा चेहरा हवा. म्हणून त्याची बायको कॅमेऱ्यासमोर बसू लागली. ताई बाजूच्या स्टुलावर, चौकटीच्या बाहेर. फक्त तिचे हात वरच्या कॅमेऱ्यात. बाह्या जुळाव्यात म्हणून तिने आपल्या भावजयीचा हिरवा स्वेटर घालायचा आणि भावजयीने तसलाच दुसरा. लोक लिहू लागले, "वहिनी, काय हात आहेत तुमचे!" ढब्बू त्यावर हात जोडल्याची चित्रं टाकायचा.

"ताई, मला हे बरं वाटत नाही हो," भावजय एकदा स्वयंपाकघरात म्हणाली होती. "करायचं तुम्ही आणि मिरवायचं मी..."

"अगं, हात घरचेच ना? मग झालं तर," ताई म्हणाली.

पण तिच्या पोटातलं कारण निराळं होतं. ढब्बूला दूरच्या एका शहरात गोदामावर काम मिळत होतं. या महिन्यात चॅनेलला प्रेक्षक जमले नाहीत, तर तो बायकोला घेऊन कायमचा जाणार होता; तसं त्याने शब्दही देऊन ठेवला होता. ताईला नवरा नाही, मूल नाही. नऊ वर्षांचा होता तेव्हापासून तळहाताच्या फोडासारखं जपलेलं हे एवढं एक माणूस... ते गेलं की या घरात ती आणि तिच्या सुया! त्यापुढे लाल दोरा काय आणि हिरवा स्वेटर काय. पण कोट? कोट तिला सोसवला नाही. तरी ती बोलली नाही, कारण महिना संपायला पाच दिवस उरले होते.

दुपारी लाइव्ह सुरू झालं. फोनच्या कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा होता... एकसष्ट. ढब्बूने भोक दाखवलं, भावजय हसली, ताईने कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक गाठोडं आणून मांडीवर ठेवलं. त्यातून ती एकेक राखाडी धागा ओढून काढी, सुईत ओवी, आणि उभ्यावर आडवा, वर-खाली, वर-खाली असं विणत जाई. तासाभरात शेवटचा धागा तोडला. "इस्त्री फिरवून आणते," ती पुटपुटली आणि आतल्या खोलीत गेली. दोन मिनिटांत कोट परत आणून तिने टेबलावर ठेवला.

भोक नव्हतं. असं बुजलं होतं, की ढब्बूलाही क्षणभर जागा सापडेना.

आणि मग कमेंटी सुरू झाल्या. "आत नेऊन कोट बदलला." "दोन कोट आहेत, आम्ही काय दूधखुळे आहोत?" "फसवाफसवी!" भांडण म्हटलं की गर्दी जमतेच, आकडा तीनशे झाला, मग नऊशे, मग दीड हजार. ढब्बूच्या कपाळावर घाम आला.

"अहो, हाच कोट आहे! थांबा, उलटा करून दाखवतो. पाठीमागून तरी दिसेल ना सांधा!"

"ढब्बू, नको रे," ताई पटकन म्हणाली. चौकटीबाहेरचा तो आवाज पहिल्यांदाच लोकांनी ऐकला.

पण त्याने अस्तराची खालची शिवण उसवली आणि कोट उलटा करून कॅमेऱ्याखाली धरला. आजचा सांधा होताच, गोल, ताजा. त्याच्या शेजारी दुसरा होता. खिशामागे तिसरा. कोपरावर दोन, काखेत एक लांबलचक, कॉलरखाली चार बारीक टिकल्या... पुढून कोऱ्या दिसणाऱ्या त्या कोटाची पाठ सांध्यांनी नुसती भरून गेली होती!

"हे काय आहे?" ढब्बूने सांध्यांवरून बोट फिरवलं. "ताई... याला तर कधी भोकच पडलं नव्हतं."

ताईने उसासा टाकला. आता लपवण्यात काय अर्थ होता?

"कोपर, ते तू कॉलेजात सायकलवरून पडलास तेव्हाचं. काखेतलं मारामारीचं, भिंतीला हात खरचटला म्हणून मला सांगितलंस. आणि कॉलरखालच्या चार टिकल्या तुझ्या सिगारेटच्या."

भावजयीने कपाळाला हात लावला. "सिगारेट?"

"मला वाटलं होतं जळला म्हणून," ढब्बू खुळ्यासारखा बोलत राहिला. "रात्रभर झोप नव्हती मला. सकाळी बघतो तर काहीच नाही! मला वाटलं, नुसती राख पडली असेल..."

"राखच रे. भोकासकट."

फोनवर हसण्याची चित्रं धो धो वाहू लागली. आकडा सहा हजारांवर गेला. कुणीतरी विचारलं, "इतका मिळताजुळता धागा आणला कुठून?" ते वाचून ढब्बूचं लक्ष तिच्या मांडीवरच्या गाठोड्याकडे गेलं. त्याने ते उचललं, उलगडलं. तेच राखाडी लोकरी कापड होतं. कडांनी धागे ओढून ओढून जाळी झालेली, पण मधल्या भागावर खडूच्या रेघा अजून स्पष्ट... खांदा, बाही, कंबर. रेघा अरुंद होत्या. एखाद्या कोवळ्या मुलीच्या अंगासारख्या.

"हे कुणाचं माप आहे, ताई?"

ताई सुई डबीत ठेवू लागली.

"कुणाचं आहे?"

"माझं," ती म्हणाली. "बाबा गिरणीत कापड तपासायचे ना, त्यांनी दोघांपुरतं आणलं होतं. एक कोट त्यांना, एक मला. मला शिक्षिका व्हायच्या कॉलेजात जागा मिळाली होती. तिकडे थंडी फार, म्हणून. खडू त्यांनीच मारला. त्यांचा शिवून झाला, माझं कापायचं राहिलं... आई आधीच गेलेली, पुढच्याच आठवड्यात तेही गेले."

"पण तू तर म्हणायचीस, तुला शिकायचंच नव्हतं! डोक्यात शिरत नव्हतं म्हणून!"

"तू नऊ वर्षांचा होतास," ताई म्हणाली. एवढंच. जणू ते एखाद्या बेरजेचं उत्तर होतं.

ढब्बू ते कापड धरून उभा राहिला. आयुष्यभर जो कोट लोखंडाचा म्हणून मित्रांत मिरवला, ज्या कोटात मुलाखती दिल्या, लग्नाला उभा राहिला, त्याचा एकेक धागा बहिणीच्या न शिवलेल्या कोटातून आला होता! आणि आज सकाळी आपण... लोकांनी यावं म्हणून... आपल्या हाताने कात्री! त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्याने फोनकडे पाहिलं. अकरा हजार माणसं बघत होती. सहा महिने ज्या आकड्यासाठी त्याने देव पाण्यात घातले होते, तो समोर चढत होता, कमेंटी ओरडत होत्या, "थांबू नका! ताईंचा चेहरा दाखवा! रडताना दाखवा!"

त्याने हात पुढे केला आणि लाइव्ह बंद केलं.

"अरे वेड्या!" ताई किंचाळली. "एवढी माणसं जमली होती! आता जायची वेळ येईल ना तुझ्यावर..."

"जमू देत नाहीतर जाऊ देत!" तो तिच्या स्टुलापाशी खाली बसला आणि तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा हमसून हमसून रडू लागला. "तुझं रडू मी बाजारात मांडू? मी तुला कॅमेऱ्याच्या बाहेर बसवलं, ताई! तुझेच हात दुसऱ्याच्या नावावर... मला माफ कर गं. मी कुठे जात नाही. हमाली करीन, पण इथेच करीन."

भावजय उठली. तिने अंगातला हिरवा स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ताईचा दंड धरला. "ताई, या खुर्चीवर आता तुम्ही. मी स्टुलावर बसते. मला शिकवा, निदान पुढच्या वेळी यांनी जळके कपडे घरी आणले तर मला कळेल तरी!"

रडता रडता ढब्बूला हसू फुटलं.

गोदामाच्या कामाला त्याने त्याच संध्याकाळी नकार कळवला आणि जवळच्या छापखान्यात अर्धवेळ चिकटला. आठवड्याने नवा व्हिडिओ आला. खिडकीपाशी ताई, स्वतःच्या साध्या कपड्यात, भिंग डोळ्याला लावून. ढब्बूने दहा वेळा समजावलं होतं, की आधी हसायचं, मग नमस्कार, मग नाव. ती काही हसली नाही. तिने एक फाटका सदरा उलटा करून समोर धरला आणि म्हणाली, "पुढून बघाल तर काही दिसणार नाही. पाठीकडून बघा." आणि सुई ओवली. लोक बघत राहिले. सगळेच नाही, अकरा हजार तर नाहीतच; पण आले ते टिकले, आणि फाटके कपडे पाठवू लागले.

व्हिडिओ संपल्यावर ढब्बूने खडूच्या रेघांचं ते कापड टेबलावर पसरलं.

"ताई, यातून तुझा कोट आता होणार नाही का गं? थोडा आखूड, बिनबाह्यांचा चालेल. मी चांगला शिंपी शोधतो."

ताईने जाळी झालेल्या कडांवरून बोट फिरवलं. मग सुयांच्या डबीत जपून ठेवलेली त्या दिवशीची गोल चकती काढली, कापडाच्या मधोमध ठेवली आणि सगळं पुन्हा वर्तमानपत्रात नीट गुंडाळलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तू अजून पुष्कळ भोकं पाडशील."