नळीतली माती

ती बॅटरी बंद कर आधी, सूरज. ऐकायला उजेड लागत नाही. आणि मध्येच 'काका, खरंच?' म्हणून कोणी विचारायचं नाही. पंचनाम्यावर माझी सही आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने उद्या ठाण्यात जाऊन बघावी.

तर चिंतामणी. आपल्या मंडणगड रस्त्याला, वरच्या कातळावर त्याची कलमांची बाग. माणूस शिकलेला, गोड बोलणारा. पण खोड एकच. चांगलं ते आपल्याला, टाकाऊ ते गड्याला. फाटकी घोंगडी गड्याला, किडका तांदूळ गड्याला. अशी माणसं पैशाला पासरी मिळतात म्हणा, पण या शहाण्याने तोच न्याय काडतुसांना लावला.

त्याच्याकडे शेतीराखणीच्या परवान्याची एकनळी बंदूक होती. दुकानातली चांगली काडतुसं परवान्यावर मोजकीच मिळायची. ती हा कपाटात ठेवी. रात्री राखणीला बसायचा त्याचा गडी गंगाराम, आणि त्याच्या हातात पडायची घरी भरलेली. म्हणजे उडवलेलं जुनं काडतूस घ्यायचं, कुठलीतरी दारू अंदाजाने कोंबायची, आणि तोंडाला मेणबत्तीचं मेण थापायचं. पावसाळ्यात ती दारू सर्द व्हायची. उडलं तर उडलं, नाहीतर फुस्स. आणि फुस्स झालं की छरे नळीतच अडकतात. तशा नळीत दुसरा बार टाकला की नळीच फुटते, टाकणाऱ्याच्या तोंडावर.

२०२१ चा आश्विन. भाताच्या लोंबीत दूध भरलेलं, आणि रानडुक्कर चिंतामणीच्या खालच्या खाचरात शिरलेलं. त्या रात्री चिंतामणी स्वतः गंगारामबरोबर बांधावर होता. गंगारामने चाप ओढला. फुस्स.

"भाऊ, बार हलका ग्येला. नळी बगूया."

"नळी काय बघत बसतोस? डुक्कर निघालं! टाक दुसरा!"

गंगारामने टाकला. धन्याचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती. नळी फुटली आणि तो तिथेच, बांधावर गेला.

भरलेली काडतुसं त्याच रात्री विहिरीत गेली. सकाळी चिंतामणीने पोलिसांना सांगितलं, बंदूक गंगारामच्या हातून चिखलात पडली, नळीत माती गेली, ती न बघता त्याने बार टाकला. केस मिटली. मेलेल्या माणसाच्या माथी त्याचंच मरण मारलं, पोरांनो. मला आजही संताप येतो.

गंगारामची बायको मालन. 'तुझा नवराच बेफिकीर,' असं लोक तिला तोंडावर म्हणायचे. देवदिवाळीला देवळात गाऱ्हाणं घालतात ना, तेव्हा तिने सगळ्या गावासमोर चिंतामणीपुढे नारळ ठेवला.

"भाऊ, ह्यो नारळ उचला नि द्येवाम्होरं सांगा. नळीत माती हुती?"

चिंतामणीने नारळ उचलला. "होती."

मालन रडली नाही, तिने शिव्याही घातल्या नाहीत. "मंग आसूं दे माती," एवढंच म्हणाली आणि घरी गेली.

वर्ष सरलं. २०२२, बुधवार, कार्तिकातली अवस, देवदिवाळीची आदली रात्र. डुकरं नव्या कलमांची मुळं उकरत होती. राखणीला कोणी गडी याच्याकडे येईना, म्हणून चिंतामणी स्वतःच नवी बंदूक घेऊन बागेतल्या माळ्यावर जाऊन बसला. माळा म्हणजे चार बांबूंवर फळ्यांची बैठक, चढायला शिडी. भात केव्हाच कापून, झोडून घरात आलेलं. कातळ खडखडीत सुकलेला. खिशात दुकानची, सीलबंद खोक्यातली काडतुसं. नळी त्याने संध्याकाळी तेलाने पुसली होती, आरपार बघितली होती. हे त्याने मला नंतर दवाखान्यात तीनदा सांगितलं.

पाऊण वाजता पाला वाजला. त्याने बॅटरी मारली. डुक्कर. चाप ओढला.

फुस्स.

दुकानचं काडतूस. नवं कोरं. आणि फुस्स...

डुक्कर हललंसुद्धा नाही. नुसतं बघत राहिलं. रातकिडे थांबले. आणि खालून, शिडीपाशी, कोणीतरी हळूच बोललं.

"भाऊ... बार हलका ग्येला."

बॅटरी खाली मारायची हिंमत होईना. त्याने चाचपडत बंदूक उघडली. काडतूस काढलं. नळी आभाळाकडे धरली. आभाळ चांदण्यांनी भरलेलं होतं. नळीतून एकही दिसली नाही.

शिडीची पहिली पायरी करकरली.

"नळी बगूया, भाऊ..."

दुसरी पायरी. तिसरी. वास आला. ओल्या चिखलाचा. सुक्या कातळावर... चिखलाचा.

दुसरा बार टाकायचा नाही. त्याला माहीत होतं. त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? पण फळीच्या कडेवर बोटं आली. चिखलाने माखलेली. चार. मग आणखी चार...

त्याने काडतूस भरलं. नळी शिडीकडे केली.

तेवढ्यात कानाशी आवाज आला. अगदी कानाशी. आता तो गंगारामचा नव्हता. चिंतामणीचा स्वतःचा होता.

"नळी काय बघत बसतोस... टाक दुसरा."

त्याने टाकला.

...

उजवा पंजा गेला, एक डोळा गेला. जीव तेवढा राहिला. मेला असता तर सुटला असता, पण सुटू द्यायचंच नव्हतं त्याला. दवाखान्यात तो ओरडून ओरडून खरं सांगत होता. भरलेली काडतुसं, विहीर, खोटी शपथ, सगळं. निम्मं गाव गोळा झालं होतं. मालन दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. मग पदर सावरून निघून गेली. त्या दिवसापासून गंगारामला बेफिकीर म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

पंचनाम्याला मी होतो. माळ्याखाली ती फुटलेली नळी पडली होती. आत काळा, ओला चिखल ठासून भरलेला. आमचा कातळ तांबडा, तो चिखल खालच्या खाचरातला. हवालदाराने काडीने उकरला आणि कागदावर लिहिलं, 'नळीत माती असताना न बघता बार टाकल्याने.' गंगारामच्या कागदावर हेच होतं. शब्द न् शब्द हेच.

एक गोष्ट मात्र त्याने लिहिली नाही. लिहिणार नाही म्हणाला. चिखलाबरोबर काडीला लागून भाताची लोंबी बाहेर आली होती. हिरवीगार. त्या दिवसांत पंचक्रोशीत उभं भात कुठेच नव्हतं. मी एक दाणा नखाने दाबून बघितला...

दूध आलं.