समासातली आखणी

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी कुठला प्रोग्रॅम घ्यावा, यावर मी आणि अफाननं जेवढा काथ्याकूट केला, तेवढा लोक मुलीचं स्थळ बघताना करत नसतील. नव्व्याण्णव साल. अफान माझा वर्गमित्र, रोह्याचा. त्याच्या वडिलांनी, नझीरचाचांनी, कुवेतहून येताना कॉम्प्युटर आणला होता. तो पुढच्या खोलीत क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला असायचा. मी पेणहून एसटीनं जायची. माझा विषय पेणचे गणपतीचे कारखाने. टिपणं ढीगभर, आणि अक्षर असं की माझं मलाच लागत नसे.

अफाननं तीन प्रोग्रॅम दाखवले. पहिला म्हणजे कोरी पाटी, लिहा आणि गप्प बसा. दुसऱ्यात प्रत्येक टिपणाचं वेगळं कार्ड, हवं ते शोधता शोधता जीव मेटाकुटीला यायचा. तिसऱ्यात मात्र पानाला छान रुंद समास होता. मजकुराशेजारी टीप लिहिता यायची आणि माउस धरून लाल रेघ ओढता यायची.

"ही बघ अंडरलाइन," अफान म्हणाला. "आपल्या भाषेत आखणी."

मी दचकलेच. आमच्या घरात आखणीचा अर्थ एकच, गणपतीचे डोळे काढणं. माझी आई, इंदुबाई, हैबतरावांच्या कारखान्यात तेच काम करायची. वरची पापणी, खालची पापणी, आणि सगळ्यात शेवटी बुबुळ.

अफानला हे ठाऊक नव्हतं. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्याच्या अम्मीनं, जुबेदाचाचीनं, चहा देताना विचारलं होतं, "तुजी आय काय करते गो?" आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "चित्रकला शिकवते. शाळेत." काय गरज होती? पण त्या खोलीत सोफा होता, काचेचं कपाट होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर आई आली ती फतकल मारून बसलेली, नखांत रंग भरलेली. चाचीला केवढं कौतुक वाटलं. तेव्हापासून मी निघाले की ती दारापर्यंत येऊन म्हणायची, "मास्तरीणबाईंना सलाम सांग हां." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सलाम मी एकदाही घरी पोचवला नाही.

बरं, हे बोलून बसल्यावर टिपणांत तरी खरं कसं लिहिणार? टायपिंगला अफानच मदत करायचा, सगळं वाचायचा. मग आई झाली 'परिचयातील एक निरक्षर कारागीर स्त्री'. तिचं 'नाय' आणि 'व्हय' मी झाडूनपुसून 'नाही' आणि 'होय' केलं. नाव कुठंच नाही.

आणि आईला हवं होतं ते नेमकं नाव. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. समोरचं माणूस तिला सावलीसारखं दिसे; ब्रश चालायचा तो हाताच्या सवयीवर. "हा शेवटचा हंगाम गो माजा," ती म्हणायची. "मूर्तीवर कुणी नाव घालत नाय. तुज्या पुस्तकात येल ना?" मी "हो गं, हो" म्हणून विषय बदलायची.

तर आम्ही तिसरा प्रोग्रॅम घेतला.

पुढच्या खेपेला मी फाइल उघडली, तर 'कारागीर स्त्री' या शब्दांशेजारी समासात एक बारीक लाल रेघ होती, मध्ये जरा खाली झुकलेली.

"माउस घसरला असेल तुझा," अफान म्हणाला.

असेल बाई, म्हटलं. पुसून टाकली. त्यानंतर गेले तेव्हा रेघ परत तिथंच, आणि तिच्यावर दुसरी, कमानीसारखी. पान खाली सरकवलं. जिथं जिथं मी 'ही बाई' लिहिलं होतं, तिथं तिथं तशीच जोडी. नुसती जोडी असती तरी मी म्हटलं असतं, डोंबल, प्रोग्रॅम बिघडलाय. पण माउसची रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची येते. ही सुरुवातीला जाड होती, पुढं निमुळती होत गेलेली, आणि टोकाला हलकेच वर उचललेली. ब्रश उचलताना आई मनगटाला जो झटका देते, तो मी लहानपणापासून बघत आले आहे.

बुबुळ मात्र कशातच नव्हतं.

"कसलं डिझाइन आहे गं हे?" अफाननं विचारलं. माझे कान तापले. "मीच काढत होते, सहज," मी म्हणाले. आणखी एक खोटं.

मी सगळ्या मजकुराची नक्कल पहिल्या प्रोग्रॅममध्ये नेली. तिथं समास नाही, रेघ नाही, कोरी पाटी. म्हटलं, आता बघू. क्षणभर सगळं सरळ दिसलं. मग 'कारागीर स्त्री'च्या आजूबाजूचे शब्द हळूहळू बाजूला सरकले आणि मध्ये पांढरी जागा सुटली. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगीर. अफान तेव्हा पाणी आणायला आत गेला होता. मी घाईघाईनं मशीन बंद केलं आणि रुमाल टाकला.

घरी आई तांदूळ चाचपून निवडत होती. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "आई, हैबतरावांशिवाय आणखी कुठं काम घेतलंयस का?"

ती हसली. "कुठं घेऊ गो आता? पर एक सांगू? हल्ली डोळं मिटून पडली तरी हात चालतोच. बारीक बारीक डोळं काढते. कुनाचं ते कळत नाय."

"आणि बुबुळं?"

"ती येकदम घालायची. सगळी झाली की."

खरं सांगून टाकायची ती वेळ होती, मला कळत होतं. शरमेनं जीभ उचलली नाही.

कारखान्यात बुबुळं घालायचा दिवस श्रावणाच्या शेवटी आला. आईचा एक दंडक असायचा. बुबुळ घालताना मूर्तीच्या समोर कुणी उभं राहायचं नाही. पहिली नजर कुणावर पडायला नको. बाहेर लख्ख दुपार होती, कौलांच्या फटीतून उन्हाचे कवडसे पडले होते, रंगाचा आणि ओल्या मातीचा वास भरून राहिला होता. हैबतराव जेवायला गेले होते. आईसमोर फळ्यांवर मूर्तींची रांग, सगळ्यांचे डोळे आखलेले आणि पांढरे.

"समोरनं बाजूला हो गो, भाविका," ती म्हणाली. मी हैबतरावांच्या टेबलापाशी सरकले आणि आईनं बुबुळं घालायला सुरुवात केली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. अफान होता. टिपणं घ्यायला मी इथं बसते हे त्याला माहीत होतं, नंबर मीच दिला होता.

"भाविका, तू फाइलला काय करून ठेवलंयस?" तो हळू आवाजात म्हणाला. "मी प्रिंट काढायला उघडली. त्या तुझ्या डिझाइनमध्ये काळे ठिपके पडतायत. एकामागून एक."

आईनं ब्रश वाटीत बुडवला. पुढच्या मूर्तीला टेकवला.

"आत्ता एक पडला," अफान म्हणाला.

त्यापुढची मूर्ती.

"आणखी एक."

"अफान, बाजूला हो," मी म्हणाले. "समोर उभा राहू नकोस."

"का?"

आईचा हात थांबला. तिनं मान वर केली. पिकलेल्या पांढऱ्या बुबुळांनी ती मूर्तीकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. मूर्तींच्या वरून, पलीकडं कुठंतरी.

"अगो बाय," ती म्हणाली. "किती लख्ख दिसतंय!"



"ह्यो पोरगा कोन गो? कानाला फोन लावलाय. आनि मागं सोफ्यावर बाई हाय, हिरव्या ओढनीची. क्रोशा विनते हाय."

फोनवर मी कसंबसं विचारलं, "चाची काय करतायत?"

"अम्मी? इथंच बसलीय, मागं. विणतेय. थांब, ती काहीतरी म्हणतेय."

रिसीव्हर मी कानाला घट्ट दाबून धरला होता. आवाज बाहेर जाणं शक्य नव्हतं. तरी अफाननं तोंड उघडायच्या आत आईनं ब्रश खाली ठेवला आणि समोरच्या रिकाम्या हवेला रंगाचे हात जोडले.

"ती बाई सलाम सांगते हाय," आई म्हणाली. "मास्तरीणबाईंना. मास्तरीण कोन गो?"

"भाविका, अम्मी म्हणतेय, मास्तरीणबाईंना..." अफान बोलत होता.

आई वाट बघत होती. तिच्या कपाळावर हळूहळू आठी पडली.

"चुकते हाय ती," आई म्हणाली. "सांग ना गो तिला माजं नाव."

फोन माझ्या कानालाच होता.