तिसरी हाक

नाटक कंपनीत त्याला सगळे नकल्या म्हणत. पडद्यामागे बसून घोड्याच्या टापा, रडणारं मूल, कुत्र्यांची भांडणं, सगळं तो एकटा उभं करी. घरीही त्याची एक ठरलेली खोडी होती. सात वर्षांच्या ठमीच्या आवाजात तो ओरडायचा, "आई गं, पडले!" बायको हातातलं काम टाकून धावत यायची आणि बापलेक पोट धरधरून हसायचे. शंभरदा फसली तरी ती यायचीच.

थंडीतल्या एका रविवारी तिघं तळ्यावर पक्षी बघायला गेले. तळं घट्ट गोठलं होतं. पलीकडच्या काठाला माणसाहून उंच पाणगवत होतं. फाटकावरच्या म्हाताऱ्या वनरक्षकाच्या कानांत कापसाचे बोळे होते. तिकिटं फाडताना त्यानं बजावलं, "काठावरच्या खोपट्यात बसून हवं ते बघा. पण कुणाची नक्कल करू नका."

"यांना सांगताय? पालथ्या घड्यावर पाणी हो!" बायको म्हणाली. म्हातारा काही हसला नाही. त्याला ऐकूच गेलं नसावं.

खोपट्याच्या फटीतून पहिल्यांदा दिसला तो ससाणा. बर्फावर बदक दाबून तो जिवंतपणीच त्याची छाती उपसत होता. बदकाचे पाय बराच वेळ चालत राहिले. बायकोनं ठमीचे डोळे झाकले, पण ठमीनं बोटांच्या फटीतून सगळं पाहिलं.

"मला कोल्हा बघायचाय," ती म्हणाली.

जखमी ससा केकाटला की कोल्हा येतो, हे नकल्याला ठाऊक होतं. बायको थर्मास आणायला गाडीकडे गेली आणि त्यानं मूठ तोंडाशी धरून सशाचा आवाज काढला.

पाणगवतातून उत्तर आलं. ससाच, पण शेवटी फाटलेला. बसला असेल कुणी हौशी, त्याला वाटलं. चुकीची नक्कल त्याला सोसत नसे. त्यानं शेवट नीट ओढून दाखवला. पलीकडचा ससा सुधारला. तिसऱ्या वेळी तर बिनचूक आला. नकल्या मनातून खूश झाला.

"बाबा, आता माझा काढा ना."

त्यानं काढला. "आई गं, पडले!"

"पुरे हो चावटपणा! इथं तरी!" बायको गाडीपासून ओरडली. "अहो, थर्मास उघडत नाहीये. या ना जरा."

मग पाणगवतातून, जाड घशातून आलं, "आई गं, पडले."

नकल्यानं ठमीला छातीशी धरून तिच्या तोंडावर हात दाबला. दुसऱ्यांदा आवाज कोवळा झाला. तिसऱ्यांदा तिकडे ठमीच रडत होती. त्याच्या तळहाताखाली ठमीचे ओठ मिटलेले होते.

बायकोनं थर्मास टाकला आणि ती बर्फावरून धावत सुटली.

"अगं थांब! ठमी इथं आहे!" तो जीव तोडून ओरडला.

"ठमी इथं आहे!" पाणगवत घोगऱ्या, पण त्याच्याच आवाजात ओरडलं.

थबकलेली ती पुन्हा तिकडे वळली.

गवत दुभंगलं. काहीतरी खालून आलं आणि त्यानं तिला गुडघ्याला धरून ओढलं. ती तोंडावर आपटली, दात बर्फावर सांडले. नखांचे दहा ओरखडे गवतापर्यंत गेले.

रंगभूमीवर हाड मोडायचं असलं की तो सुकी काटकी मोडी. खरा आवाज ओला असतो, हे त्याला तेव्हा कळलं.

ती ओरडत होती. मग नुसतं फाडणं ऐकू आलं.

ठमीला उचलून तो गाडीत शिरला. आतून दारं लावली. किल्ली बायकोच्या खिशात होती. त्यानं भोंगा दाबून धरला. फाटकावरच्या म्हाताऱ्यानं एकदा वळून पाहिलं, दोन्ही कानांतले बोळे बोटांनी आणखी आत सारले आणि पाठ फिरवली.

"अहो, थर्मास उघडत नाहीये. या ना जरा."

पाणगवतातून येणारा आवाज बायकोचा होता, पण घोगरा. नकल्यानं दोन्ही हातांनी ठमीचे कान गच्च दाबले. तो रडत होता. त्याचे स्वतःचे कान उघडेच होते.

"अहो, थर्मास उघडत नाहीये. या ना जरा."

'उघडत'वर जोर जास्त पडला. ती असं म्हणत नसे.

तिसऱ्या हाकेत त्याला चूक सापडली नाही. त्याचा उजवा हात दाराकडे गेला, आणि मोकळ्या झालेल्या कानानं ठमीलाही आईचा आवाज ऐकू आला.