काळ्या पडद्यामागचा आवाज

"सायकली काढा! आज तळं गाठायचं म्हणजे गाठायचंच!" फटाक्याने फर्मान सोडलं.

फटाका म्हणजे चष्मीचा आतेभाऊ, सुट्टीसाठी राहायला आलेला. आधी वाजायचं आणि मग विचार करायचा, हा त्याचा खाक्या. चष्मी अगदी उलट. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरसुद्धा शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ती बाटली खाली ठेवायची नाही. आणि तिचा धाकटा भाऊ लिंबू. प्रत्येक खेळात लिंबूटिंबू, म्हणून लिंबू.

लिंबू मात्र जागचा हलला नाही. दाराच्या पायरीवर बसून त्याने विचारलं, "ताई, आई कशी बोलायची गं?"

फटाका घंटी वाजवत होता, तो थांबला.

"कशी म्हणजे? बोलायची तशीच," चष्मी कशीबशी म्हणाली.

"मला ती दिसते. पण नुसतं तोंड हलतं तिचं. आवाजच येत नाही."

आई गेली त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. तिचा फोन हॉस्पिटलच्या धावपळीत हरवला तो हरवलाच. कॅमेरा दिसला की ती उशी तोंडावर धरायची. त्यामुळे घरात तिचे फोटो मोजकेच, आणि बोलतानाचं तर काहीच नाही. एवढंसं पोर विसरणारच हो, त्यात त्याचा काय दोष! पण चष्मीला वाटलं, आई पुन्हा एकदा जातेय. या वेळी लिंबूच्या डोक्यातून. तिला रडूच कोसळणार होतं, इतक्यात ती ताडकन उठली.

"वाचनालय! अरे, आई तिथे पुस्तकं वाचायची!"

"वाचनालयात माणसं आणखी काय करतात? पोहतात?" फटाक्याने विचारलं.

"मोठ्याने वाचायची रे, शहाण्या! ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. रेकॉर्ड करून ठेवायची!"

आई गेल्यापासून बाबांना त्या इमारतीकडे बघवतही नव्हतं, म्हणून मुलांनाही तिकडे कुणी नेलं नव्हतं. तळं राहिलं तळ्याच्या जागी. सायकली वाचनालयाकडे वळल्या.

ऐकायच्या खोलीत कॉम्प्युटरची रांग होती आणि प्रत्येकाला हेडफोन लटकवलेले होते. पण आत माणूस एकच. निवृत्त पोस्टमास्तर आजोबा. दोन्ही डोळ्यांनी अंध, पांढरी काठी मांडीवर आडवी, कानाला हेडफोन आणि चेहरा उतरलेला.

"ऐकायला आला असाल तर परत जा, बाळांनो," ते म्हणाले. "सगळी पुस्तकं पुसली गेली."

"सगळी?" चष्मीने विचारलं.

"सगळी. मी येतो, तासभर हे कानाला लावून बसतो आणि घरी जातो. घरी तरी काय करू?"

"आपोआप उडाली हो ती!" मागून आवाज आला. वाचनालयाचे कॉम्प्युटर सांभाळणारा दादा होता तो. बोलता बोलता सारखा चुटकी वाजवायचा. फटाक्याने तिथल्या तिथे त्याचं नाव ठेवलं, चुटकीदादा! "डिस्का जुन्या. जुनं ते उडणारच! पण मशीन कशी पळतायत बघा. जुनी प्रणाली रांगत होती, म्हणून मी सगळीकडे लिनक्स ही नवी प्रणाली टाकली. फुकट! कुणीही घ्यावं, कुणीही आत डोकावून सुधारावं. आणि सोपं किती? शेंबडं पोरही टाकेल. नुसतं पुढे, पुढे, पुढे! चुटकीसरशी!"

खोटं कशाला बोला, मशीन खरंच पळत होती. पडद्यावर स्वच्छ मराठी अक्षरं, आणि लिहायचं, चित्रं काढायचं, गाणी ऐकायचं सगळं समोर मांडलेलं. लिंबूने तर कुणाला न विचारता एक घर रंगवायलाही घेतलं.

"आणि रेकॉर्डिंगच्या खोलीतला कॉम्प्युटर?" चष्मीने काचेच्या दाराकडे बोट दाखवलं. आई तिथेच बसून वाचायची.

"तो? मेला तो. नुसता काळा पडदा. उद्या सकाळी भंगारवाला उचलणार." चुटकीदादाने फटाक्याच्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला. "घ्या, यात लिनक्स आहे, घरी टाकून बघा. तुम्हालाही जमेल."

बाहेर आल्यावर चष्मी म्हणाली, "मला एक कळत नाही. सगळ्या डिस्का एकदम उडाल्या. मग त्याच डिस्का आता धडधाकट कशा चालतायत?"

"खरंच की!" फटाका म्हणाला. "काहीतरी गडबड आहे!"

घरी बाबांचा जुना कॉम्प्युटर होता. तो सुरू होईपर्यंत माणसाची आंघोळ उरकायची. फटाक्याने पेन ड्राइव्ह खोचला. चष्मीने मशीन सुरू होताना पडद्यावर उमटलेली सूचना वाचून कीबोर्डच्या वरच्या ओळीतली कळ दाबून धरली आणि यादीतून पेन ड्राइव्ह निवडला. पहिलाच प्रश्न आला, कोणती भाषा? मराठी! मग दोन बटणं आली. 'वापरून पाहा' आणि 'स्थापित करा'.

"स्थापित!" फटाक्याने दाबलंसुद्धा. "पुढे! हे पण पुढे! अगं, हे तर लिंबूला पण येईल! पुढे..."

"बोट उचल!" चष्मीने त्याचं मनगटच धरलं. "वाच. मोठ्याने वाच!"

"डिस्कवरील सर्व काही पुसून..." फटाक्याने झटकन बोट काढून घेतलं. "मामांचे हिशोब, कागदपत्रं सगळं यात आहे ना?"

"सगळं."

चष्मीने तो मजकूर पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचला.

"म्हणजे आपोआप काही उडालं नाही," चष्मी हळूच म्हणाली. "त्याने पुसलं. त्यालाच माहीत नाही की त्याने पुसलं."

"पण इथे धडधडीत लिहिलंय! मराठीत!"

"लिहिलंय रे. पण इतकं सोपं वाटलं, की त्याने वाचलंच नाही."

तिने मशीन बंद केलं, पुन्हा पेन ड्राइव्हवरून सुरू केलं आणि या वेळी 'वापरून पाहा' निवडलं. नवी प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच चालू लागली. डिस्कला तिने हातही लावला नव्हता. बाजूला डिस्कचं चित्र होतं. ते उघडलं, तर आत बाबांच्या सगळ्या फाइली जशाच्या तशा!

"म्हणजे मशीनची स्वतःची प्रणाली बिघडली, तरी आतलं शाबूत असू शकतं?" फटाक्याने विचारलं.

चष्मीने त्याच्याकडे बघितलं. "काळा पडदा!" दोघे एकदमच ओरडले.

पण वाचनालय तोवर बंद झालं होतं. त्या रात्री चष्मीला जेवण गेलं नाही.

सकाळी तिघे पोचले तेव्हा फाटकाशी भंगाराचा टेम्पो उभाच होता!

"दादा, तो कॉम्प्युटर नका देऊ! त्यातलं वाचवता येईल!" चष्मी धापा टाकत म्हणाली.

"कालची पोरं आज मला शिकवणार? चला, निघा!"

चष्मीचे डोळे भरून आले. फटाक्याने मात्र हळूच जाऊन रांगेतल्या शेवटच्या कॉम्प्युटरची कीबोर्डची वायर सैल केली आणि गळा काढला, "दादा! हा अडकला! तुमच्याशिवाय कुणाच्या बापाला जमणार नाही!"

स्तुती कुणाला कडू लागते? चुटकीदादा तिकडे गेला. चष्मी आणि लिंबू काचेच्या खोलीत शिरले.

"उचलू का?" भंगारवाल्याने दारातून विचारलं.

"थोडं थांबा काका, तुमच्या पाया पडते!"

पेन ड्राइव्ह खोचला. कळ दाबली. पडदा काळाच! घाईत कळ लवकर सोडली होती तिने. पुन्हा. आणि उजेड पडला! मराठी. वापरून पाहा. डिस्क उघडली. आत एकच कप्पा होता, 'अपूर्ण पुस्तक', त्याखाली आईचं नाव. तिने तो कप्पा उचलून फटाक्याने घरून आणलेल्या दुसऱ्या पेन ड्राइव्हवर टाकला. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली.

"काय चाललंय इथे!" चुटकीदादा आत घुसला. त्याचा हात सरळ प्लगकडे गेला.

त्याच्याआधी लिंबू पोचला. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून तो प्लगसमोर उभा राहिला. "नाही! माझी आई आहे आत!"

चुटकीदादाचा हात तिथेच थांबला. आरडाओरडा ऐकून ग्रंथपालबाई धावत आल्या, मागोमाग काठी टेकत पोस्टमास्तर आजोबा. चष्मीने पहिल्यापासून सगळं सांगितलं. चुटकीदादा मटकन खुर्चीत बसला.

"मला वाटलं, पुढेच दाबायचं असतं," तो पुटपुटला. "पुरी झालेली पुस्तकं सगळी रांगेतल्या मशीनवरच होती, त्यांची कुठेच प्रत नाही. त्यावर नवं सगळं लिहूनही झालं."

म्हणजे बाकीचे आवाज गेले ते गेलेच. ती पुस्तकं वाचून देणाऱ्यांतली काही माणसंही आता नव्हती. हे एक मशीन वाचलं, तेही दादाने आळसाने त्याला हात लावला नाही म्हणून. ही गोष्ट सांगताना मला तर अजून त्याचा राग येतो.

"प्रती काढून ठेवा, असं याला सांगायचं मी उद्यावर ढकलत राहिले," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "दोष माझाही आहे. आम्ही मोठ्यांनी घालवलं, आणि जे उरलं ते तुम्ही राखलंत. शाबास, पोरांनो! दादा, यापुढे या खोलीत कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी या मुलीला वाचायला लावायचं."

आजोबांनी चाचपडत चष्मीच्या डोक्यावर हात ठेवला. फटाका एकदाही वाजला नाही.

बाईंनी फोन केला म्हणून बाबा आले. ते बसचालक. तसेच गणवेशात आले आणि दाराबाहेर बराच वेळ उभे राहिले. मग आत येऊन लिंबूच्या शेजारी बसले. चष्मीने शेवटची फाइल लावली.

आई वाचत होती. जंगलातल्या कुठल्याशा वाटेबद्दल. आवाज थकलेला होता, पण तिचाच होता. मध्येच तिला खोकला आला. पानं सळसळली. "थांबा, हे पुन्हा घेते," ती म्हणाली. मग पुस्तकातलं नसलेलं एक वाक्य आलं.

"लिंबू, खुर्चीला पाय नको ना आपटू, राजा. आवाज येतो."

लिंबूचे लोंबकळणारे पाय खुर्चीला लागत होते. त्याने ते झटकन वर घेतले आणि घट्ट धरून ठेवले.

"नाही आपटत," तो म्हणाला. "तू वाच."