डोंगराच्या पोटातली खोली

“हा किल्ला बांधणारा शहाणा कोण, एकदा बघायचंय मला!” चहाच्या मशीनपुढे उभी राहून ती शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होती. “एवढे सैनिक, आणि संडास एकही नाही! स्वयंपाकघरात जायचं तर उकळता लाव्हा ओलांडायचा. रांधणारी बाई काय रोज उड्या मारत जाते?”

“बघा मग,” तो म्हणाला, “हाच तो शहाणा.”

तिचे कान लाल झाले. नोकरीचा पहिलाच दिवस… गेममधल्या चुका शोधून कळवणं हे तिचं काम. तो गेममधल्या जागा बांधायचा.

“अहो, खेळणारा लाव्हा बघतो, बाई नाही बघत. थोडा विश्वास ठेवायचा असतो. नाहीतर खेळायचं कसं?”

“विश्वास ठेवायचा पगार नाही मिळत मला.”

तेव्हापासून तो तिचा ‘गवंडी’ झाला आणि ती त्याची ‘फौजदार’. एका सकाळी किल्ल्यात गुपचूप संडास उगवला. आतून कडीसुद्धा! ती स्क्रीनपुढे एकटीच हसत बसली. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

मग त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. त्याच्या शेवटच्या दिवशी ती नेहमीसारखी भिंतींतून आरपार जात किल्ला तपासत होती. ही सोय फक्त तपासणाऱ्याला असते, आणि या किल्ल्याची तपासणारी ती एकटीच. डोंगराच्या पोटात तिला एक खोली सापडली. दार नाही, जिना नाही. दोन खुर्च्या, आणि खिडकीत… समुद्र!

तिनं शिरस्त्याप्रमाणे कळवलं – ‘पोचता येत नाही. खिडकी अशक्य. काढून टाकावी.’

थोड्या वेळानं तो तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. “काढली.”

“बरं केलंस. कोण जाणार होतं तिथं?”

“तू गेलीस की.”

“मी काय, भिंतीतून…” ती थांबली. “गवंड्या… परत बांध ना.”

“येशील? म्हणजे – माझ्याबरोबर, तिकडे?” आवाज थट्टेचा होता, डोळे नव्हते.

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. पण सवय मेली! “राहायचं कुठं? माझ्या नोकरीचं काय? आईला काय सांगू?”

प्रश्न सगळे रास्त होते.

“बरोबर आहे तुझं,” तो हळूच म्हणाला आणि बॅग उचलून निघाला. काचेपलीकडे लिफ्ट आली, उघडली, मिटली… तो चढला नाही. पुन्हा आली, तेव्हा चढला. तेवढ्या वेळात ती उठू शकली असती. ती आईला काय सांगायचं, ते जुळवत बसली होती.

त्याच्या लग्नाची बातमी आली, त्या दुपारी तिनं आईला सगळं सांगितलं. घड्या घालता घालता आईचे हात थांबले.

“अगं वेडे,” आई म्हणाली, “मी नाही म्हणेन, असं तुला कुणी सांगितलं?”