वाक्य पुरवणारा

विद्यापीठात मंडळ काढायचं तर आधी खिडकीवर जाऊन त्याचं नाव सांगावं लागतं. मी अडखळत बोलतो. ‘बोलतं मंडळ’ म्हणायचं होतं, पण मी बो... बो... करतोय तोवर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “बॉक्सिंग?” मागे रांग ताटकळत होती. मी मान डोलावली, आणि अडखळणाऱ्यांचं आमचं मंडळ कागदोपत्री बॉक्सिंगचं झालं.

खोली मिळाली ग्रंथालयाच्या तळघरात, पूर्वी ध्वनिमुद्रणासाठी वापरलेली. भिंतींना करडा फोम, खिडकी नाही. दार लावलं की स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू यायचं. आम्ही चौघं: मी, माझी धाकटी बहीण, भौतिकशास्त्राचा एक लांबलचक मुलगा, ज्याला सगळे उंट म्हणत, आणि कायदा शिकणारी एक भांडकुदळ मुलगी, आमची वकीलसाहेब. नियम एकच. कोणी कितीही अडकलं तरी त्याचं वाक्य दुसऱ्याने पूर्ण करायचं नाही. गप्प बसून थांबायचं.

हा नियम खरं तर धाकटीसाठीच होता. जन्मापासून आम्ही तिला वाक्यं पुरवत आलो, आई, बाबा आणि मीही. तिला औषधशास्त्र सोडायचं होतं, आणि ते बाबांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं. ‘मला हे शिकायचं नाही.’ एवढंच. पण ‘म’वर तिचे ओठ मिटायचे ते मिटायचेच. मी सांगू का म्हटलं तर मारायला धावायची.

एका मंगळवारी उंट ‘प्रयोगशाळा’वर अडकला. आम्ही थांबलो. मग शब्द आला, स्वच्छ, त्याच्याच आवाजात. आम्ही टाळ्या वाजवल्या. उंट मात्र पांढराफटक पडला होता.

जिन्यात तो मला म्हणाला, “मी अजून प्र... प्र...वरच होतो रे.”

मी म्हटलं, उगाच काहीतरी बोलू नकोस.

पुढच्या खेपेला वकीलसाहेब सांगत होती की या खोलीत आलं की तिला भ... भ...

“भूक लागते,” तिच्याच आवाजात शब्द आले.

आम्ही खो खो हसलो. ती हसली नाही. ती खुर्चीच्या मागे वळून बघत होती.

त्यानंतर दोघंही घडाघडा बोलायला लागली. ज्या उंटाला चहा मागायलाही घाम फुटायचा, तो कँटीनमध्ये हवापाण्याच्या गप्पा झोडू लागला. मंडळाकडे मात्र दोघं फिरकेनात. मी अध्यक्ष, माझी छाती फुगलेली. कँटीनमध्ये उंटाला गाठून विचारलं, येत का नाहीस? त्याने माझं मनगट पकडलं.

“मजेत आहे रे,” तो सफाईने म्हणाला. मनगट सोडेना. त्याच्या बोटांचे वळ उठले.

मी घाबरलो, सरळ सांगतो. धाकटीला म्हटलं, पुरे झालं, मंडळ बंद.

“ए... एकदाच, दादा. आज ज... जमणार.”

तिची जिद्द बघून मी पाघळलो. खोलीत आम्ही दोघंच होतो. ती समोर बसली. ‘म’वर ओठ मिटले. गळ्याची शीर फुगली, डोळ्यांत पाणी आलं. मी थांबलो.

“मला हे शिकायला आवडतं.”

आवाज तिचाच. ओठ मिटलेले.

मी तिला दंडाला धरून ओढत वर आणलं, उन्हात. रस्ताभर ती माझ्या शर्टाला धरून चालली.

रविवारी सकाळी घरी बाबा खिडकीशी उभे राहून शर्टाला इस्त्री करत होते. आमच्याकडे पाठ होती.

“कॉलेज कसं चाललंय गं?” त्यांनी विचारलं.

धाकटीने माझा हात घट्ट धरला. ओठ मिटले.

“मस्त, बाबा. मला हे शिकायला आवडतं.”

बाबांचा इस्त्रीचा हात थांबला. पोरगी न अडखळता बोलली होती. ते वळले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

आता नियम गेला चुलीत. तिचं वाक्य मीच पूर्ण करणार होतो.

“बाबा, तिला हे शि... शि...”

जीभ टाळ्याला चिकटली. बाबा थांबले. पहिल्यांदाच त्यांनी मध्ये शब्द घातला नाही.

“शिकू द्या.”

माझाच आवाज. माझ्या खांद्यामागून.

“अरे वा, तूसुद्धा,” बाबा म्हणाले, आणि आईला हाक मारायला आत गेले.